दोरावर भाऊजी

भाऊजींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती: स्वतः भाऊजींना आणि हाडांच्या डॉक्टरांना. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पेनाच्या टोकाने दाखवलं होतं की खांद्यातल्या एका स्नायूचं टोक हाडापासून फाटून सुटलंय. ते आपोआप जुळणार नाही, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर सहा महिने काही उचलायचं नाही. भाऊजींनी पाण्याचं काय असं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि आंघोळीला हरकत नाही म्हणाले.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करत. एका ऑफिसच्या इमारतीत केबिनच्या टपावर उभं राहून दाराचा पट्टा बदलताना त्यांचा पाय ग्रीसवरून सरकला होता. ते पडले नाहीत. वरच्या तुळईला एका हाताने लटकले आणि जोडीदाराने कमरेला धरून त्यांना खाली घेतलं. काही नाही झालं, असं ते लगेच म्हणाले, आणि मग तेच म्हणत राहिले. डोक्यावरची कामं हळूहळू जोडीदाराकडे गेली. घरात टी-शर्ट मागे पडले, पुढून बटणांचे शर्ट आले. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर ते आता स्टूल घेत. बायकोला वाटलं, माणूस वयानुसार शहाणा होत चाललाय.

ऑपरेशनची तारीख मात्र ते पुढे ढकलत होते, आणि त्याचं कारण ओढा होता.

ओढ्यावर चौघं जात. पहिले भाऊजी. दुसरा त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो बेकरी चालवायचा आणि भाऊजींना भाऊजी म्हणायचा, त्यामुळे बाकीचेही तेच म्हणू लागले. तिसरी डॉक्टरीण, पण गुराढोरांची. चौथा बारक्या, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, ज्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळायला दुकानं पालथी घालावी लागली होती. ओढ्याच्या वर डोंगरात एक तलाव होता. वीजघरासाठी तलावाचं पाणी सोडलं की एरवी दगडगोट्यांतून वाहणाऱ्या ओढ्याला जोर यायचा, आणि हे चौघं आपापल्या कयाक, म्हणजे एकट्यापुरत्या अरुंद होड्या, घेऊन त्यात उतरायचे. बरीच वर्षं हेच चाललं होतं.

पूर्वी पाचवाही होता, फोटोवाला. एका उंच उडीपाशी, म्हणजे पाणी कड्यावरून खाली कोसळतं तिथे, तो नको म्हणत असताना बारक्याने त्याला घाबरलास का म्हणून चिडवलं. तो रागारागात उतरला आणि त्याचा घोटा मोडला. घोटा जुळून आला, पण फोटोवाला पुन्हा पाण्यात आला नाही. या वेळी नको, पुढच्या वेळी बघू, असं करत करत तो फोनवर खुशाली विचारण्यापुरता उरला. भाऊजींना खांद्यापेक्षा भीती होती ती याची. एकदा थांबलं की थांबलंच.

फोटोवाल्याच्या त्या प्रकारानंतर भाऊजींनीच एक नियम घातला होता. ज्याला एखादी उडी मारायची नसेल त्याने होडी उचलून काठाने चालत जावं, आणि त्याला कोणी का म्हणून विचारायचं नाही. मारणाऱ्याला अडवायचं नाही, उचलणाऱ्याला टोकायचं नाही. नियमाचा दुसरा भाग असा की जो उचलेल त्याने खाली जाऊन दोरावर थांबायचं. दोर म्हणजे मुठीत मावेल एवढी पिशवी, तिच्यात भरलेला तरंगणारा दोर. कोणी होडीतून निसटून पाण्यात गटांगळ्या खाऊ लागला की दोराचं एक टोक हातात धरून पिशवी त्याच्या अंगावर फेकायची आणि त्याला काठाला ओढायचं. भाऊजींचा दोर छातीवर येऊन पडतो, असं डॉक्टरीण म्हणायची. तिच्या छातीवर तो एकदा पडला होता.

तर या नियमाच्या आडोशाला भाऊजींनी खांदा दुखावल्यापासूनच्या दोन्ही सहली निभावल्या होत्या. सपाट पाण्यात वल्हं खालूनच मारायचं असतं, तिथे हात चालायचा. उडी आली की होडी डाव्या खांद्यावर घ्यायची आणि दोराची पिशवी घेऊन काठावर उभं राहायचं. कोणी काही विचारलं नाही. दोन्ही वेळा दोर टाकायची पाळीही आली नाही. तिसऱ्यांदाही असंच जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

त्या रविवारी सगळे बेकरीच्या मागच्या बोळात जमले. बोळात पिठाच्या रिकाम्या गोण्या आणि पत्र्याचे ट्रे रचलेले होते, आणि भट्टीच्या भिंतीला पाठ लावून मांजर बसलं होतं. मेव्हणा पहाटेचा माल काढून हात धूत होता. होड्या बारक्याच्या व्हॅनवर चढवायच्या होत्या. भाऊजी चपळाईने पलीकडच्या बाजूला गेले आणि पट्टे ओढून बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

"भाऊजी आता मुकादम झाले," बारक्या होडी डोक्यावर तोलत म्हणाला. "उचलायचं आम्ही, ओढायचं त्यांनी."

"कोणीतरी अक्कल वापरायला नको?" भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले.

मेव्हण्याची छोटी गाडी त्यांनी आधी खालच्या पुलापाशी नेऊन ठेवली, कारण ओढा तिथे संपायचा, आणि चौघंही व्हॅनमधून वर आले. कपडे बदलताना नेहमीची थट्टा झाली. कमरेला घालायचा रबरी घेर होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. बारक्याचा घेर दर वेळी त्याच्या पोटाशी भांडायचा. डॉक्टरीण म्हणाली, मी गाभण म्हशींनासुद्धा एवढं दाबून बघत नाही. मेव्हणा त्या दिवशी कमी बोलत होता. भाऊजींच्या ते लक्षात आलं, पण पहाटेपासून भट्टीपुढे उभा असलेला माणूस कमीच बोलणार, असं त्यांनी धरलं.

पाणी गार होतं आणि पुरेसं होतं. ओढा अरुंद, दोन्ही बाजूंना काळा खडक, मध्ये घरांएवढे धोंडे. पाणी धोंड्यावर आपटून दुभंगायचं आणि त्याच्या मागे थोडी जागा शांत राहायची. त्या जागेला ही मंडळी खिसा म्हणत. एका खिशातून दुसऱ्या खिशात, असं करत खाली जायचं, म्हणजे मध्ये दम घेता येतो आणि पुढचं बघता येतं. डॉक्टरीण पुढे, तिच्यामागे मेव्हणा, मग भाऊजी, शेवटी बारक्या. भाऊजी कोपर बरगडीला चिकटवून वल्हं मारत होते. त्यांना बरं वाटत होतं. मशीनरूमच्या तेलकट अंधारात आठवडा काढलेल्या माणसाला थंड पाण्याचा हबका तोंडावर बसला की जे वाटतं तेच.

पहिल्या दोन उड्या त्यांनी उचलल्या. बारक्याने दुसरीच्या वेळी त्यांच्याकडे जरा पाहिलं, कारण ती उडी म्हणजे अंगणाची पायरी होती, पण बोलला नाही. डॉक्टरीण वर पाहत राहिली. नियम म्हणजे नियम.

मग सासू आली. ओढ्यावरची ती सगळ्यात मोठी उडी. हिच्यापुढे उलटून बोलता येत नाही म्हणून बारक्यानेच नाव ठेवलेलं. दीड माणूस उंचीवरून सगळं पाणी एका फटीतून खाली कोसळायचं आणि तळाशी स्वतःवरच उलटं वळायचं. होडी वेगाने पुढे गेली तर पार व्हायची, रेंगाळली तर ते वळणारं पाणी तिला मागे ओढून घ्यायचं. सासूच्या वर सपाट खडक होता. तिथे बसून त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली.

मेव्हण्याने अंड्याचं कवच चिमटीने गोळा करत सांगितलं की आज तो मारणार आहे. मुलगी झाल्यापासून तो सासू उचलत आला होता. कोणी का म्हणून विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यानेही सांगितलं नव्हतं. आता मुलगी शाळेत जायला लागली आहे, आणि काल तिने विचारलं की बाबा, तुम्ही सगळ्या उड्या मारता का. तो हो म्हणाला होता.

"पोरीशी खोटं बोलून बसलोय," तो म्हणाला. "आणि भाऊजी दोरावर आहेत. भाऊजी दोरावर असतील तरच मी मारणार, हे आधीच ठरवलेलं."

भाऊजींच्या हातातला पाव हातातच राहिला. सांगण्याची वेळ हीच होती आणि ते त्यांना कळलं. तोंडून मात्र वेगळंच निघालं. पाणी आज जरा जास्तच वाटतंय, असं ते म्हणाले. बारक्याने काठाच्या खडकावरची खूण पाहिली आणि पाणी खुणेच्या खालीच आहे असं सांगितलं. मेव्हणा सकाळपासून दमलेला दिसतोय, असं भाऊजी म्हणाले.

"भाऊजी," डॉक्टरीण म्हणाली, "मारणाऱ्याला अडवायचं नाही. नियम तुमचाच."

भाऊजी गप्प बसले. गप्प बसायला ते चांगलं कारण होतं, आणि त्यांनी ते घेतलं.

पुढे बघून येतो म्हणून ते उठले. धोंड्याआड गेल्यावर त्यांनी पिशवी काढली आणि डाव्या हाताने फेकून पाहिली. ती झुडपात गेली. मग उजव्या हाताने, खांदा न हलवता, खालून झोका देऊन फेकली. या वेळी ती सरळ गेली आणि चांगली बसच्या लांबीएवढी गेली. सासूच्या फेसापर्यंत तेवढंच अंतर होतं. पुन्हा फेकली, पुन्हा तेवढीच गेली. म्हणजे जमतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि दोर पिशवीत भरला. लिफ्टचा दोर तपासताना ते असं कधी करत नसत. तिथे दोर जिथे चालणार तिथेच, पूर्ण वजन टाकून तपासत.

क्रम असा ठरला की डॉक्टरीण आधी मारेल आणि खालच्या खिशात थांबेल. मग मेव्हणा. मग बारक्या. भाऊजींची होडी बारक्याने परस्परच काठाने खाली नेऊन ठेवली. भाऊजी सासूच्या पायथ्याशी, दोर टाकायच्या कपारीत जाऊन उभे राहिले.

डॉक्टरीण आली तशी गेली. फटीतून होडीचं नाक बाहेर आलं, तिने एक लांब फटका मारला आणि फेस ओलांडून ती खाली खिशात वळली. भाऊजींनी वर मेव्हण्याला खूण दिली. आवाज ऐकू येत नाही तिथे वल्ह्यानेच बोलायचं असतं. वल्हं उभं धरलं म्हणजे ये. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं म्हणजे थांब. भाऊजींनी डाव्या हाताने वल्हं उभं धरलं.

मेव्हणा फटीत शिरला तो थोडा तिरका. कड्यावरून पडताना होडीचं नाक खाली गेलं, आणि ती वर आली तेव्हा उलटी होती. भाऊजींनी पिशवी मुठीत घेतली. मेव्हण्याने पाण्याखालून वल्ह्याच्या जोरावर सुलट व्हायचा प्रयत्न केला, अर्धा वर आला, पुन्हा गेला. मग तो होडीतून निसटला. होडी एकीकडे गेली आणि मेव्हण्याचं लाल हेल्मेट फेसाच्या मधोमध आलं. ते पुढे सरकेना. पाणी त्याला धबधब्याकडे ओढत होतं, खाली दाबत होतं, पुन्हा त्याच जागी वर आणत होतं.

भाऊजींनी खालून झोका देण्यासाठी हात मागे नेला आणि तेव्हा त्यांना दिसलं की कपारीच्या पुढे कमरेएवढा खडक आहे. तो तिथे कायमच होता. आजवर त्यांनी दोर खांद्यावरून टाकला होता, त्यामुळे तो कधी आड आला नव्हता. खालून टाकलेली पिशवी त्याच्यावर आपटली असती. त्यांनी हात वर उचलला. तो छातीपर्यंत गेला आणि खिळा ठोकल्यासारखा थांबला. त्यांनी आडवा फटकारा मारून पिशवी सोडली. ती मेव्हण्याच्या अलीकडेच पडली आणि वाहून खाली गेली. मेव्हण्याने दोराकडे हात टाकला, तो पाण्यावर पडला.

ओला दोर ओढून पुन्हा फेकायला वेळ लागतो. एका हाताने ओढायला जास्त. भाऊजी दोर ओढत होते आणि हेल्मेट मोजत होते. एकदा वर आलं. पुन्हा वर आलं. मग आलं नाही.

पाण्याने त्याला तळाशी नेलं आणि तिथून पुढे फेकलं. त्यात कोणाची करामत नव्हती. पाणी कधी धरून ठेवतं, कधी सोडतं. मेव्हणा बराच खाली, दोन धोंड्यांवर आपटत वर आला. डॉक्टरीण खिशातून बाहेर पडली होती. तिने होडीचं शेपूट त्याच्या हाताशी नेलं, त्याने तिथली कडी धरली, आणि तिने वल्ह्याचे फटके मारत त्याला काठाच्या वाळूत ओढलं. त्याची होडी आणि वल्हं आधीच वाहत येऊन तिथे अडकली होती.

तो बराच वेळ खोकत होता. हनुवटी फुटली होती, एका गुडघ्याचं सालटं निघालं होतं, बाकी धड होता. डॉक्टरिणीने औषधांच्या पेटीतून पट्ट्या काढल्या. तिने सांगितलं की टाके पडतील, पण ते माणसांच्या डॉक्टरकडून घे, माझी सुई बैलाच्या कातड्याची आहे. भाऊजी खडकावरून उतरून तिथपर्यंत आले होते. मेव्हण्यानेच त्यांच्याकडे पाहिलं.

"होतं असं, भाऊजी. मी पण कितीदा चुकवलाय दोर," तो म्हणाला. "आणि मी तिरका शिरलो. चूक माझी."

भाऊजी ओला दोर पिशवीत भरत राहिले. त्याच वेळी वरून शिट्टी आली. सासूच्या डोक्यावर बारक्या होडीत बसून तयार होता. त्याला खालचं सगळं दिसलं नव्हतं. मेव्हणा काठावर बसलेला दिसला, एवढंच. तो खुणेची वाट पाहत होता.

"जा भाऊजी, दोरावर," मेव्हणा म्हणाला. "बारक्याला बोलवा. तो तुंबला तर दोन दोर लागतील."

भाऊजी कपारीत चढले. दोर भरला होता, पिशवी हातात होती. बारक्या वरून पाहत होता. भाऊजींनी वल्हं उचललं, पण उभं नाही. थांब अशी खूण द्यायची होती. थांब म्हणायला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. डावा गेला. उजवा छातीशी अडला. वल्हं डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली असं तिरकं झालं. त्यांनी दात खाऊन पुन्हा रेटा दिला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, वल्हं तिरकंच राहिलं. ती खूण येही नव्हती आणि थांबही नव्हती. ओरडून उपयोग नव्हता. सासू त्यांच्यावर ओरडत होती.

बारक्या हलला नाही. शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला अर्धवट खुणेवर गाडी काढायची सवय नव्हती. तो वल्हं खडकावर टेकवून बसून राहिला.

खाली डॉक्टरीण उभी राहिली होती. हातातली पट्टी तशीच ठेवून ती भाऊजींकडे पाहत होती, लंगडणाऱ्या जनावराकडे पाहावं तसं, पायाकडे नाही तर सगळ्या अंगाकडे. मग ती खडक चढून वर आली, तिने त्यांच्या हातातून वल्हं घेतलं आणि डोक्यावर आडवं धरलं. बारक्याने मान हलवली आणि होडीतून उतरायला लागला.

"भाऊजी, उजवा हात वर करा," ती म्हणाली.

"राहू दे ना."

"वर करा."

त्यांनी केला. तो छातीपर्यंत गेला. तिने एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्याने कोपर धरून हळूच वर नेऊन पाहिलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सोडून दिलं.

"कधीपासून?"

भाऊजींनी सांगितलं. लिफ्टचं, फिल्मचं, पुढे ढकललेल्या तारखेचं. तोपर्यंत मेव्हणाही लंगडत खडकाशी आला होता आणि बारक्या होडी खांद्यावर घेऊन काठाने उतरला होता, त्यामुळे शेवटचं सगळ्यांनी ऐकलं. भाऊजींनी काही गाळलं नाही. धोंड्याआड दोर टाकून पाहिला होता तेही सांगितलं.

बारक्याने होडी खाली ठेवली. एरवी त्याच्या जिभेला हाड नसे. आता तो फक्त बापरे म्हणाला आणि तेही स्वतःशी. डॉक्टरीण चिडली होती आणि ते तिने लपवलं नाही. नियम उचलणाऱ्यासाठी होता, तिने सांगितलं, दोर धरणाऱ्यासाठी नव्हता. उडी नको असेल तर घरीही बसा, कोणी विचारणार नाही. पण दोर हातात घेणारा म्हणजे दुसऱ्याचा जीव हातात घेणारा, आणि त्यालाही विचारायचं नाही अशी अळीमिळी गुपचिळी आपण सगळ्यांनीच चालवली, म्हणजे आपण सगळेच येडे.

मेव्हणा हनुवटीवरची पट्टी दाबून उभा होता.

"मी तुमच्या भरवशावर उतरलो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "अंडी खाताना तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मी तेव्हा विचारलं असतं, भाऊजी तुमचा हात ठीक आहे ना, तर?"

"तर सांगितलं असतं," भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "निदान मला तसं वाटतं. खात्रीने नाही सांगत."

मेव्हण्याने मान हलवली. त्याने हात पुढे केला. भाऊजींना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी दोराची पिशवी त्याच्या हातात दिली. मेव्हण्याने ती डॉक्टरिणीला दिली, आणि बारक्याकडून व्हॅनची किल्ली घेऊन भाऊजींच्या हातावर ठेवली. खाली अजून चार उड्या होत्या, छोट्या, पण होत्या. भाऊजींनी पायवाटेने वर जावं, व्हॅन घ्यावी आणि पुलापाशी यावं, असं त्याने सांगितलं. तू या गुडघ्याने उतरणार का, असं भाऊजी विचारणार होते, पण विचारायचा हक्क आज आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं. डॉक्टरिणीने मात्र विचारलं. मेव्हण्याने दोन उठाबशा काढून दाखवल्या.

भाऊजींची होडी बारक्याने एकट्याने रस्त्यापर्यंत चढवून दिली. वाटेत तो म्हणाला, "फोटोवाल्याला मी एवढं बोललो नसतो तर हा नियमच नसता," आणि उतरून गेला.

व्हॅन वर होती. भाऊजी चालत गेले, गाडी घेऊन आले, होडी मागच्या दारातून अर्धी आत ढकलली, डाव्या हाताने बांधली आणि पुलापाशी जाऊन थांबले. पूल साधा, लोखंडी कठड्याचा. मेव्हण्याची छोटी गाडी एका बाजूला उभी होती. ओढा वरच्या वळणापर्यंत दिसायचा, त्यापलीकडे नाही. एवढ्या वर्षांत भाऊजी पुलावर कधी उभे राहिले नव्हते. ते नेहमी पुलाखालून आले होते. पाण्याचा आवाज इथेही यायचा, पण त्यात कोण कुठे आहे ते कळत नव्हतं.

पुलावर फोन लागायचा. त्यांनी बायकोला लावला.

त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडे नळ चालू होता तो तिने बंद केला, तेवढं ऐकू आलं.

"माझा भाऊ कुठेय?" तिने विचारलं.

"येतोय."

"दिसतोय?"

"अजून नाही."

"म्हणजे तुम्ही तिथे उभे, आणि तो फुटक्या हनुवटीने पाण्यात."

"हो."

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "तो दिसला की त्याच्याकडे द्या. तुमच्या खांद्याचं मी नंतर बघते."

तिने ठेवला नाही आणि यांनीही ठेवला नाही. भाऊजी फोन कानाला लावून वळणाकडे पाहत राहिले. एक मोटरसायकल पुलावरून गेली. पाणी थोडं उतरायला लागलं होतं, तलावाचं दार बंद झालं असावं. काठाच्या दगडांवर ओली रेघ दिसू लागली होती.

आधी डॉक्टरीण आली. ती वळणापाशीच थांबली आणि मागे बघत राहिली. तिच्या मांडीवर पिशवी होती. मग बारक्या आला, होडीत कोंबलेल्या गादीसारखा. त्यानंतर बराच वेळ नुसतं पाणी आलं.

"दिसला?" फोनमधून आवाज आला.

"नाही."

मग लाल हेल्मेट वळणावरून पुढे आलं, सरळ बसलेलं, वल्हं दोन्ही बाजूंना पडत होतं.

"दिसला," भाऊजी म्हणाले. पलीकडे तिने सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला.

ते उतार उतरून पाण्याशी गेले आणि मेव्हणा काठाला लागताच त्यांनी डाव्या हाताने फोन पुढे केला. मेव्हण्याने हेल्मेट काढलं, अंगावर हात पुसायला कोरडी जागा सापडली नाही म्हणून भाऊजींच्याच शर्टाला हात पुसला आणि फोन घेतला.

"हां ताई. नाही गं, हनुवटीच. दोन टाके पडतील. नाही, गुडघा ठीक आहे. हो, मारली. मारली म्हणजे पडलो." त्याने थोडा वेळ ऐकलं. "ते मी बघेन ना. नाही, भांडलो नाही. अजून नाही." पुन्हा ऐकलं. मग भाऊजींकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी मी येतो. डॉक्टरकडे मी नेईन त्यांना. तू नको येऊस, तुझं ते ऐकत नाहीत. मी आता विचारणार आहे."

फोन त्याने भाऊजींना परत दिला आणि होडीचं एक टोक उचललं. दुसरं उचलायला बारक्या पुढे आला. भाऊजी बाजूला झाले, त्यांनी चढावर पुढे जाऊन व्हॅनचं दार उघडलं आणि होडी आत जाईपर्यंत ते धरून ठेवलं.